चूक रात्री साडेअकराला झाली

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ३४ वर्षांचे आहेत, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतात. वडिलांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, चार महिन्यांपासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. बायकोला सातवा महिना. भाऊ पुण्यात. मागच्या महिन्यात ७०×१४० आणि ७५×१५० अशा दोन साइजच्या टॉवेलांच्या कार्टनवर लेबलं उलटसुलट लागली आणि माल तसाच निघून गेला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचं घरी ठेवून येत जा." यांचा प्रश्न तोच आहे : घरचं घरी ठेवून कामात लक्ष कसं घालायचं?

मी २६ वर्षं याच धंद्यात आहे. टाइम ऑफिसपासून सुरुवात केली, आता कार्मिक विभाग सांभाळते. या काळात माझ्या टेबलासमोर हजारभर माणसं तरी बसून गेली असतील, कुणी रजेसाठी, कुणी अ‍ॅडव्हान्ससाठी, कुणी नुसतं रडायला. घरचं घरी ठेवून येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्यांना ते जमतं असं वाटतं, त्यांचं घर दुसरं कुणीतरी सांभाळत असतं, एवढाच फरक.

त्यामुळे प्रश्न जरा बदलून घेऊ. मन ठिकाणावर नाही, आणि पुढचे सहा महिने नसणारच, हे धरून चालायचं. मग हातून नुकसान होणार नाही अशा रीतीने काम कसं करायचं?

मी त्यांना उलट एकच गोष्ट विचारली. त्या गाडीचा लोडिंग प्लॅन कधी केला होता? उत्तर आलं, "रात्री साडेअकराला. मोबाइलवर. जेवता जेवता."

सगळं इथेच आहे. डायलिसिसची पाळी संध्याकाळी ६ ते १०. कारखान्यातून सुटून थेट हॉस्पिटल, चार तास तिथे, वडिलांना घरी आणून झोपवलं की ताट समोर. दिवस मात्र पहाटे ५ ला सुरू झालेला, कारण नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणजे हॉस्पिटलातून निघेपर्यंतच माणूस १७ तास जागा. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या लोकांच्या हाताडोळ्यांचा मेळ तपासला होता. रक्तात दर १०० मिलीलीटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका तो ढिला पडलेला निघाला. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या वर असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. आणि हे गृहस्थ त्यानंतर दीड तासाने, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर, ७०×१४० आणि ७५×१५० वेगळे करत बसले होते. साहेबांना दिसलं ते 'लक्ष नाही'. मला दिसतं ते चुकीच्या वेळी केलेलं काम.

म्हणून पहिला बदल हा. रात्री ९ नंतर आकडा, साइज, शेड, पैसे यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. "सकाळी करतो" एवढा एक मेसेज टाकायचा आणि फोन पालथा ठेवायचा. ग्राहक चिडेल? चिडू दे. दहा तास उशीर झाल्यावर चिडलेला ग्राहक सकाळी शांत होतो. चुकीचा माल पोचल्यावर चिडलेला डेबिट नोट पाठवतो, म्हणजे बिलातून पैसे कापतो.

माग चालवणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. साध्या मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो, ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला तर थांबत नाही. कापड विणलं जातच राहतं, फक्त मध्ये एक बारीक रेघ पडत जाते आणि ती दिसते थेट तपासणीच्या टेबलावर, दहा-वीस मीटर वाया गेल्यावर. ताप आला तर माणूस आडवा होतो, घरी राहतो, तो बाणा. काळजीचं तसं नसतं. हातपाय चालू, हजेरी लागलेली, चहाला हसणंही चालू. ताणा तुटलाय हे त्या माणसालाही कळत नाही.

मला कळलं नव्हतं. २०११ च्या जानेवारीत माझी आई आयसीयूत होती. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर, सगळ्यांना पगार संक्रांतीच्या आत हवा, आणि ओव्हरटाइमचा हिशोब माझ्याकडे. मी नोव्हेंबरचं रजिस्टर उघडून डिसेंबरचा ओव्हरटाइम चढवला. एकदा नाही, सलग तीन पानं. वर महिन्याचं नाव ठळक लिहिलेलं होतं, ते दिसलंच नाही. पगाराच्या दिवशी हेमिंगमधली, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणारी, एक बाई खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, चारशे कमी आलेत. यात्रेत पोरांना पाळण्यात बसवते म्हणले होते." ४६ जणांचा हिशोब चुकला होता. दोन दिवसांत दुरुस्त झाला, पण तिची नंदीध्वजाची मिरवणूक त्या चारशेशिवाय गेली. मी त्या आठवड्यात एक दिवसही गैरहजर नव्हते, त्याचं मला कौतुकच वाटत होतं.

तेव्हापासून माझा हिशोब वेगळा आहे. वाईट दिवसांत किती काम झालं ते मोजायचं नाही. परत करावं लागलं असं किती झालं, ते मोजायचं. सहा कामं करून दोन चुकवणाऱ्यापेक्षा तीन कामं नीट करणारा बरा, कारण चुकलेलं काम निस्तरायला दुप्पट वेळ लागतो आणि तो दुसऱ्याचाही जातो.

आता तुमच्या टेबलावरचं बघू. डिस्पॅचच्या कामाचे दोन ढीग करा. एका ढिगात जिथे चूक महाग पडते ती कामं : लोडिंग प्लॅन, कार्टन मार्किंग, पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, ई-वे बिल. दुसऱ्यात हातानं होणारी कामं : गाडी सांगणं, ट्रान्सपोर्टवाल्याचा पाठपुरावा, जुन्या फायली लावणं, पुठ्ठा आणि टेपचा साठा बघणं. डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार असेल तर महागडा ढीग मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या सकाळी. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटल झालेलं असतं, त्यामुळे ती सकाळही फार ताजी नसणार, पण पुढची धावपळ डोक्यावर नसते. हॉस्पिटलच्या दिवशी दुपारी ३ नंतर मन घड्याळाकडेच असतं, तेव्हा दुसरा ढीग. सगळ्या गाड्या अशा वेळापत्रकात बसणार नाहीत हे मलाही कळतं. निम्म्या बसल्या तरी पुष्कळ.

महागड्या ढिगातलं एकही काम एकट्याने पुरं करायचं नाही. यासाठी नवीन सॉफ्टवेअर वगैरे काही लागत नाही. पॅकिंगमधला एक पोरगा कार्टनसमोर उभा करा आणि त्याला लेबल मोठ्याने वाचायला सांगा. साइज, शेड, नग, लॉट. तुम्ही हातातल्या कागदावर टिक करा. उलट नाही, म्हणजे तुम्ही वाचायचं आणि त्यानं "हां हां" म्हणायचं असं नाही. 'हां' म्हणायला डोळे लागत नाहीत. मी हे पगाराच्या रजिस्टरला २०११ पासून करते आणि अजून करते, आईला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

बाकीचं सगळं कागदावर. मन भरलेलं असतं तेव्हा सगळ्यात आधी स्मरणशक्ती दगा देते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायचीच नाही. शंभर पानी साधी वही घ्या. सुटायच्या आधी पाच मिनिटं बसून उद्याचं पहिलं काम कुठलं आणि ते कुठून सुरू करायचं, एवढं लिहा. 'मुंबईची गाडी' असं लिहू नका. 'मुंबईची गाडी : लॉट १४ चे ६० कार्टन मोजायचे, मग मार्किंग' असं लिहा. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं, पण त्याचं पुढचं पाऊल ठरवून लिहून ठेवलं की टोचणी पुष्कळ कमी होते. काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोग करून हे दाखवलंय. आपल्याकडचे जुने मुनीम कुठला प्रयोग न वाचता संध्याकाळी तेच करत आले.

साहेबांशी बोलणं. याला जास्त वेळ देते, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. काही जण काहीच सांगत नाहीत आणि एक दिवस चूकच त्यांच्या वतीने सगळं सांगून टाकते. काही जण सगळंच सांगतात, क्रिएटिनिन किती आणि भाऊ कसा वागतो इथपर्यंत, तेही चहाच्या टपरीवर, आणि मग आठवड्याभरात बॉयलरवाल्यालासुद्धा ते ठाऊक असतं. दोन्ही नको. तीनच गोष्टी सांगायच्या : काय आहे, किती दिवस आहे, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. साधारण असं :

"साहेब, वडिलांचं डायलिसिस चालूय, आठवड्यातून तीनदा, आणि ते चालूच राहणारंय. पुढचे तीन महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार मला साडेपाचला निघावं लागेल. त्या दिवशी दुपारी दोननंतर नवीन लोडिंग प्लॅन माझ्याकडे देऊ नका. बदल्यात मंगळवार-गुरुवारी मी तासभर आधी येतो. मार्किंगला वाचणारा एक माणूस द्या. महिन्याने परत बसू."

यात कुठेही "समजून घ्या" नाही. मालकाला समजून घ्यायचं असतं तेव्हाही त्याला काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो "बघू" म्हणतो. ठरावीक मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं. आणि ही बोलणी चूक होण्याआधी करायची असतात. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, पण पुढच्या चुकीच्या आधीची वेळ अजून हातात आहे.

साहेब लोकही हे वाचत असतील तर एक सांगते. शॉप फ्लोअरवर, मशिनच्या आवाजात, "काय करलालास बे, लक्ष कुठंय तुझं?" असं ओरडून आजवर कुणाचं लक्ष परत आलेलं नाही. तो माणूस पुढची चूक लपवायला शिकतो, एवढंच होतं.

रजेचं बघा. वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, हा कारखान्यातल्या कामगाराचा हक्क आहे. आपल्याकडे लोक ती गावच्या जत्रेला आणि लग्नसराईला राखून ठेवतात. यंदा राखू नका. पण सलग आठ दिवस घेण्यापेक्षा, कारखाना देत असेल तर, अर्धा-अर्धा दिवस तोडून घ्या. डायलिसिस हे ऑपरेशनसारखं एकदा होऊन संपणारं प्रकरण नाही. आणि दोन-तीन दिवस बाळंतपणासाठी बाजूला ठेवा, त्या दिवशी तुम्हाला कुणी विचारून कळा सुरू होणार नाहीत.

पैशाची काळजी हा वेगळा ताण आहे असं समजू नका, तोच सगळ्यात जास्त डोकं खातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा आहे. तेच शेतकरी, तशाच चाचण्या, एकदा ऊस जाण्याआधी हात आखडलेला असताना आणि एकदा ऊस जाऊन पैसे आल्यावर. पैसे येण्याआधी त्यांची डोकी ठळकपणे कमी चालली. माणसं बदलली नव्हती. सोलापूर जिल्ह्यात राहून उसाच्या बिलाची वाट बघणारं घर पाहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही. म्हणून पैशाचा एक कागद आधी करा : महिन्याला हॉस्पिटल, औषधं, रिक्षा, घर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा, तुम्ही आहात तिथे योजना लागू नसेल तर कुठे आहे ते विचारा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही उपचार होतात. पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात. हे सगळं करायला दोन सकाळी लागतील. त्या दोन सकाळींची रजा मी डोळे झाकून मंजूर करते, कारण पुढे ती मलाच परत मिळते.

भावाचं. "तू काहीच करत नाहीस" या वाक्याने कुठल्याच भावाने आजवर काही केलेलं नाही. त्याला एक आख्खं काम द्या, लांबून होणारं. योजनेची फाइल त्याची. दर शनिवारी डॉक्टरांशी फोनवर बोलून वहीत लिहिणं त्याचं. आणि महिन्यातून एक शुक्रवार तो पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून येईल, शनिवार-रविवार घर त्याच्याकडे. हे चार नातेवाइकांसमोर ठरवू नका, त्याची बायको बाजूला बसलेली असताना फोनवर ठरवा. माझा अनुभव असा आहे की सुना हिशोबाच्या पक्क्या असतात.

हॉस्पिटलातले चार तास. तिथे लॅपटॉप उघडू नका. पहिल्या अर्ध्या तासात नर्स काय म्हणते ते ऐका, वजन लिहून घ्या, आणि मग बाहेरच्या बाकड्यावर सरळ झोपा. लाज कसली? तिथे सगळेच नातेवाईक पेंगत असतात. जेवणही तिथेच उरकता आलं तर बघा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आपल्याकडची मोठी सोय आहे, दोन दिवस पिशवीत राहिली तरी काही बिघडत नाही. वडिलांसमोर मात्र खाऊ नका, त्यांच्या पथ्याला शेंगदाणा बहुधा चालत नसेल आणि त्यांचा जीव तिथेच अडकलेला असेल.

पाण्याच्या दिवसाची जबाबदारी शेजारच्यांकडे द्या. सातव्या महिन्यातल्या बाईने हंडे उचलायचे नाहीत आणि तुम्ही त्यासाठी ५ ला उठायचं नाही. शेजारच्या पोराला महिन्याला शे-दोनशे द्या. गाळपाचा हंगाम असेल तर रात्री हॉस्पिटलातून येताना वडील मागे बसलेत आणि पुढे उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिवे नसलेला, हे डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवशी दुचाकी घरी ठेवून रिक्षा करा.

मोबाइलचं : घरच्या दोन नंबरांना वेगळी रिंग लावा. ती वाजली तरच उचलायचं, बाकीचे जेवणाच्या सुट्टीत. नाहीतर प्रत्येक रिंगला काळीज लक्कन हलतं आणि पलीकडे कर्जवाली कंपनी असते.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. काही माणसं दुःखात कामात बुडतात. आमच्याकडे एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता, घरात मोठा घात झाला आणि दहाव्या दिवशी तो कामावर हजर. दोन-दोन पाळ्या करायचा. मी सुद्धा म्हणाले, काय खंबीर माणूस आहे. अडीच महिन्यांनी एका दुपारी तो मागाखाली पाना घेऊन बसला आणि तासभर उठलाच नाही. पाना हातात तसाच. त्याला घरी सोडायला गेले तेव्हा बायको म्हणाली, "ते रात्री झोपतच नाहीत, तुम्हाला कुणाला दिसलं नाही का?" दिसलं नव्हतं, कारण त्याचं प्रॉडक्शन चांगलं येत होतं. हल्ली कुणाचं प्रॉडक्शन एकाएकी वाढलं की मी आकड्यावर सही करण्याआधी त्या माणसाला बोलावून घेते.

तुमच्याबाबतीत झोप दोन आठवडे लागलीच नाही, जेवण जात नाही, उगाच हातपाय थरथरतात, किंवा "आपण नसतो तर बरं" असं एकदा जरी मनात आलं, तर वह्या आणि ढीग बाजूला ठेवा. तो डॉक्टरचा प्रश्न आहे. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-बेरात्री १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. जॉबर शेवटी उपचाराला गेला, सात-आठ महिने गोळ्या घेतल्या, आता हलक्या खात्यात आहे आणि बरा आहे.

राहिलं ते लेबलांचं जुनं प्रकरण. ते अजून साहेबांच्या डोक्यात आहे आणि तुमच्याही. त्यावर अर्धं पान लिहून द्या : किती कार्टन, कुठे चुकलं, प्लॅन किती वाजता केला होता, आता मार्किंगला दोन माणसं कशी उभी राहतात. शेवटी तारीख आणि सही. त्या कागदावर वडिलांचा उल्लेख करू नका, नाहीतर फाइलमध्ये ते कारण म्हणून कायमचं बसेल आणि दोन वर्षांनी कुणीतरी नवीन साहेब ते वाचेल. वडिलांचं वर लिहिलंय तसं, दुसऱ्या दिवशी, केबिनचं दार लावून, समोर बसून बोला. शक्यतो मंगळवारी सकाळी.